निरोप जसाच्या तसा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी तेच ते बोलतो. बटण दाबा, मनात एक आकडा मोजा आणि मग बोला, नाहीतर तुमचा पहिला शब्द यंत्र गिळून टाकतं. बोलून झालं की बटण सोडा, नाहीतर समोरच्याचं ऐकू येणार नाही. आलेला निरोप कागदावर उतरवा, परत वाचून दाखवा आणि पुढे देताना जसाच्या तसा द्या. पदरचा मीठमसाला काही घालू नका. बारा वर्षं हेच चाललंय. आता माझंच बोलणं मला कुणीतरी टेप लावल्यासारखं ऐकू येतं, आणि समोर बसलेले लोक अर्ध्या तासात पंख्याकडे बघायला लागतात.

माझी नोकरी टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेली. हौशी रेडिओचं लायसन्स मी तरुणपणीच काढलं होतं, तेव्हा निव्वळ छंद म्हणून. गच्चीवर अँटेना, खाली सेट, आणि कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी माणसांशी हवापाण्याच्या गप्पा. बायको म्हणायची, घरातल्याशी बोलायला यांना वेळ नाही. पुढे नोकरी संपली आणि छंदाचं काम झालं. आमच्या तालुक्यात येलदरी धरणाच्या खालच्या अंगाला पूर्णेच्या काठाकाठानं जी गावं आहेत, त्यांच्या वाटेवर फरशीचे ठेंगणे पूल आहेत. वरून पाणी सुटलं की पूल बुडतात, लाइट जाते, आणि चार-पाच तासांत मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही मान टाकते. मग खिशातला फोन असून नसल्यासारखा. अशा वेळी गावात एखादा वायरलेस सेट आणि तो नीट वापरणारा एक माणूस असला, तर तेवढं गाव जगाला जोडलेलं राहतं. एवढ्यासाठी हे शिबिर.

शिबिर म्हणजे काय, तर पळसाला पानं तीनच. तहसीलच्या सभागृहात सतरंजी, एका साहेबांचं भाषण, चहा, फोटो. सकाळी चाळीस डोकी असतात, जेवणानंतर पंधरा. लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज नेणारे सहा, परीक्षेला बसणारा एखादा. सेट हातात आला की नव्याचे नऊ दिवस रोज संध्याकाळी हाका मारतात. वायरलेसवर येऊन ‘जेवण झालं का सर?’ विचारतात. दहाव्या दिवशी सेट कपाटावर जातो आणि पूर आला की बॅटरी उतरलेली असते. मी चिडतो, ओरडतो, पुढच्या वर्षी पुन्हा सतरंजीवर उभा राहतो. आता आतून थकलोय. हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, सर, तुमच्याशिवाय कोण हाय. हेच ऐकून जास्त थकायला होतं.

दुपारच्या सत्रात मी चिठ्ठ्यांचा सराव घेतो. एकाला सभागृहात बसवायचं, दुसऱ्याला सेट देऊन बाहेर पार्किंगमध्ये पाठवायचं. बाहेरच्यानं चिठ्ठीतला निरोप वाचायचा, आतल्यानं उतरवून घ्यायचा. एका चिठ्ठीवर मी मुद्दाम लिहितो, ‘दोन मयत, तीन जखमी, बोट पाठवा.’ आणि बारा वर्षांत, एक वेळ सोडली तर, या चिठ्ठीचं दर वेळी तेच झालं. कुणी म्हणतं, ‘दोघांची कंडिशन खराब हाय.’ कुणी म्हणतं, ‘दोघं लय सिरीयस हायेत.’ मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक चांगला शिकलेला तरुण स्वयंसेवक तर ते दोघं गाळून थेट तीन जखमींवरच गेला. मी विचारलं, चिठ्ठीत काय लिहिलंय?

“मयत, सर.”

“मग म्हणा की.”

“वायरलेसवर कसं म्हणू? सगळे ऐकायलेत, सर.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण तो म्हणतो ते मला कळत होतं. आमच्याकडे मरणाची बातमी दुरून कुणी देत नाही. माणूस गेला तरी फोनवर ‘तब्येत बिघडली, येऊन जा’ एवढंच म्हणतात. देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही, पण बोलत कुणी नाही. माझे वडील गेले तेव्हा मी परभणीला नोकरीवर होतो. चुलत्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, तुझ्या बापाला बरं वाटत नाही, सुट्टी टाकून ये. मी एसटीत बसलो. अर्धी वाट सरेपर्यंत मला सगळं कळलं होतं, आणि गावात उतरलो तेव्हा मी रडायला तयार होतो. त्या दोन तासांच्या वाटेनं मला तयार केलं. त्यामुळे ही रीत वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. फक्त वायरलेसवर ती चालत नाही. तिथे मयताला मयतच म्हणायला लागतं, कारण तिकडे कुणीतरी बोट कुठे पाठवायची ते त्या एका शब्दावर ठरवत असतं. हे मी दर वर्षी घसा फोडून सांगायचो.

तीन वर्षांपूर्वी ती चिठ्ठी एका अंगणवाडीताईच्या हाती गेली. नदीकाठच्या एका गावातली पस्तिशीची बाई. सकाळपासून मागच्या रांगेत वहीत लिहीत बसली होती, एक प्रश्न विचारला नव्हता. पार्किंगमधून तिचा आवाज आला, “दोन मयत. तीन जखमी. बोट पाठवा. ओव्हर.” मला एवढा आनंद झाला की मी तिला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

ती परीक्षेला बसली आणि पास झाली. लायसन्स हातात यायला बरेच महिने गेले, तोवर ती दर आठवड्याला विचारत राहिली. गावच्या पाण्याच्या टाकीवर अँटेना चढवायला ग्रामपंचायतीनं आढेवेढे घेतले, तर तिनं अंगणवाडीतल्या लेकरांच्या आयांना टाकीखाली नेऊन उभं केलं. दर शनिवारी संध्याकाळी पाचला ती हजर. तेव्हापासून दोनदाच चुकली, त्यातही एकदा लेकीची दहावीची परीक्षा होती. तिच्या घरी सौर दिव्याच्या पाटीवर सेट चार्ज व्हायचा. मी ठरवून टाकलं की तालुक्याच्या कचेरीतल्या मुख्य सेटवर माझ्यानंतर हीच बसणार. तसं साहेबांना सांगूनही ठेवलं.

माझी घाई होती, कारण माझे कान जायला लागले होते. उजवा जवळजवळ गेलाच होता, डावाही कुरकुर करत होता. क्षीण आवाजातला आकडा मला दोनदा विचारावा लागायचा. बायको म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत अन् म्हणे पुरातल्या गावाची हाक ऐकणार. तिचं खरं होतं. बारा वर्षांत एक, फक्त एक भरवशाचं माणूस तयार झालं होतं, आणि त्याच्या हाती सेट देऊन मला खुर्चीवरून उठायचं होतं. तेवढंच मागणं राहिलं होतं माझं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी शेवटी तीन दिवस झड लागली. धरण आधीच भरलेलं, सकाळी दरवाजे उघडले. दुपारी बारापर्यंत फरशीचे पूल पाण्याखाली गेले आणि एक वाजता नदीकाठचे टॉवर बंद पडले. मी कचेरीतल्या त्या खोलीत सकाळपासूनच बसलो होतो. खोलीत एक कारकून, एक शिपाई, एक होमगार्ड आणि तालुक्याचे नवे साहेब. साहेब दक्षिणेकडचे, सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, नोकरीचं पहिलंच वर्ष. मराठी पुस्तकातून शिकलेलं, पण कष्टानं शिकलेलं. माणूस चांगला. जेवायचं सोडून नकाशावर वाकून उभा होता.

दीड वाजता ताईची हाक आली. आवाज स्वच्छ होता, माझ्या डाव्या कानालाही एका झटक्यात कळला. “पुरुष, वय पंच्याहत्तर, दम्याचा आजार, धाप लागलीय, बोलता येत नाही. ऑक्सिजन पाहिजे. बोट पाठवा. ओव्हर.” असा निरोप मी शिबिरात फळ्यावर लिहून दाखवतो. मी परत वाचला, तिनं बरोबर म्हटलं. साहेबांनी कागद घेतला. पण बोट एकच, आणि ती दुसऱ्या गावची माणसं काढण्यात अडकलेली.

अडीचच्या सुमारास त्या म्हाताऱ्यांचा मुलगा खोलीत आला. शहरात टायर-पंक्चरचं दुकान चालवणारा, चाळिशीचा. फोन लागेना म्हणून पावसात पूल गाठला, तिथून परतला, कुणीतरी सांगितलं की कचेरीत वायरलेस आहे. भिजलेला तसाच माझ्या मागच्या बाकावर बसला. मी ताईला कळवलं, “पेशंटचा मुलगा इथे आलाय, त्यांना सांगा.” ती म्हणाली, सांगते. मुलगा स्पीकरवरचा तिचा आवाज ऐकून जरा सावरला. मला ‘काका’ म्हणाला आणि विचारलं, बोटीत मला बसवतील का? साहेब नाही म्हणाले. येताना पेशंटला आडवं झोपवून आणावं लागेल, जागा लागेल.

चारला बोट मोकळी झाली, आणि नेमका तेव्हाच दुसरा निरोप आला होता. नदीच्या वळणावर एका शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर, सात माणसं पत्र्यावर चढून बसली होती. त्यांत दोन लेकरं. पाणी पत्र्याच्या हातभर खाली. आखाडा एका दिशेला, ताईचं गाव दुसऱ्या. साहेब नकाशावरून उठले आणि मला म्हणाले, “पेशंटची आताची स्थिती विचारा. त्यावर ठरवतो.”

मी बटण दाबलं, विचारलं. तिकडून लगेच उत्तर नाही. ती कधी थांबायची नाही, त्या दिवशी थांबली. मग आवाज आला, हळू.

“आबांची तब्येत लय बिघडली हाय, सर. त्यांच्या लेकाला म्हणावं, येऊन जा. ओव्हर.”

वय नाही, आजार नाही, ऑक्सिजन नाही, बोट नाही. पूल पाण्याखाली असताना लेकाला म्हणावं, येऊन जा. मला त्या क्षणी कळलं की म्हातारे गेले. कारकुनानं मान खाली घातली. शिपाई दाराबाहेर गेला. माझ्यामागे बाक करकरलं, मुलगा उठून उभा राहिला असावा.

मी निरोप वहीत उतरवला, जसाच्या तसा. साहेबांनी विचारलं, “बिघडली म्हणजे गंभीर आहे?” मी वही फिरवून त्यांच्यासमोर धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तोंडानं काही बोललो नाही. दोन हातांवर आबांचा मुलगा उभा होता. साहेबांना बाहेर बोलावून कानात सांगता आलं असतं. कागदावर एक शब्द लिहून सरकवता आला असता. बारा वर्षं ज्या एका शब्दावर मी लोकांना रागावत आलो, तो शब्द माझ्याच्यानं निघाला नाही. साहेबांनी ओळ वाचली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “आधी पेशंट. मग आखाडा.”

बोट गेली. मुलानं मागून विचारलं, “काका, ऑक्सिजन घेतलंय ना बोटीत?” मी होकाराची मान हलवली. खोलीत स्पीकर चालू होता तरी मी हेडफोन कानावर चढवले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. मधे तो बाहेर जाऊन आला, कुठेतरी फोन करून. परत बाकावर बसला. मी सेटचं एक बटण उगाच फिरवत होतो. कधी एकदा हे संपतं असं झालं होतं मला.

प्रवाह जोराचा होता, फिरून जावं लागलं. सहा वाजले. बोटीवरचा सेट त्या मोबाइलच्या दुकानवाल्याकडे होता. खोलीत कोण बसलंय ते त्याला काय माहीत. स्पीकरवर त्याचा आवाज घणघणला, “सर, इथं पेशंट मयत हाय. दुपारीच मयत झालेत. आंघोळ घालून ठेवलंय. ओव्हर.” शिबिरात ज्याच्या तोंडून हा शब्द निघत नव्हता, त्यानं तो सरळ म्हटला. मुलगा उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. मी मनाशी म्हटलं, त्याला तर चार वाजताच कळलं होतं. इथल्या मातीतला माणूस आहे, त्याला वेगळं काय सांगायचं.

बोट तिथून आखाड्यावर गेली. अंधार पडता पडता सात जण काठाला लागले. पाणी पत्र्याला टेकलं होतं. सगळे जगले, पण धाकटं लेकरू तापानं फणफणलं आणि पुढे तीन दिवस दवाखान्यात राहिलं. त्याच्या आजीनं साहेबांना विचारलं, आमच्याकडं यायच्या आधी बोट मढ्याकडं कामून गेली?

चौथ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. वही मागून घेतली आणि ओळ वाचून म्हणाले, “निरोप चुकीचा होता.”

“जसा आला तसा दिला, साहेब,” मी म्हणालो.

“हो, तुमची नोंद बरोबर आहे. म्हणजे चूक तिकडची. त्या ताईंचं नाव यादीतून काढा आणि सेट परत मागवा. असा निरोप देणारं माणूस आपल्याला ठेवता येणार नाही.”

मी हो म्हणालो. जिना उतरताना वाटलं, परत वर जावं. गेलो नाही. मी थकलो होतो हे खरं, पण त्या दिवशी थकव्याचा मला आडोसा झाला. त्याच्याआड जे होतं ती सरळ सरळ भीती होती. बारा वर्षांच्या कामाला शेवटी बट्टा लागेल याची. ताईला मी फोन केला आणि एका वाक्यात सेट आणून द्यायला सांगितलं. कारण तिनं विचारलं नाही.

दोन दिवसांनी ती माझ्या घरी आली. “जयभीम, सर,” म्हणाली आणि पिशवीतून सेट काढला. सोबत चार्जर, जादा बॅटरी, तिची नोंदवही, सगळं स्वच्छ पुसून टॉवेलात गुंडाळलेलं. बायकोनं पाणी दिलं. मी विचारायचं म्हणून विचारलं, “ताई, शिबिरात तर तुम्ही एका दमात म्हणाला होता.”

“ते चिठ्ठीवर होतं, सर. चिठ्ठीतल्या माणसाला लेक न्हवता.” “तुमीच म्हणलात, लेक तिथं बसलाय. त्याच्या बापाचं मी त्याला भोंग्यावर सांगू? चार लोकांत? मला आखाड्याचं म्हाइत न्हवतं. म्हाइत असतं तर सांगितलं असतं. मला वाटलं, तुमाला कळंल. तुमी बघून घ्याल.”

तिला आखाडा माहीत नव्हता. साहेबांना आमची रीत माहीत नव्हती. दोन्ही माहीत असलेला खोलीत एकटा मी होतो, आणि त्या दोघांच्या मधे बसायला तर मला तिथे बसवलं होतं.

“मला कळलं होतं, ताई,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. “मंग ठीक हाय, सर,” म्हणाली, पाणी प्याली आणि साडेचारची गाडी गाठायची म्हणून उठली. सेट टेबलावर राहिला. बायकोनं आतून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, तुम्ही उद्या कचेरीत जा. मी म्हटलं, जातो. म्हणाली, उद्या म्हणजे उद्या.

गेलो. साहेबांना उभ्यानंच सांगितलं की निरोप ऐकताक्षणी मला त्याचा अर्थ कळला होता आणि मी तो तुम्हाला सांगितला नाही. आमच्याकडची रीतही सांगितली. ते ऐकत राहिले. मग विचारलं, “खोलीत आणखी कोणाला कळलं होतं?”

“कारकुनांना कळलं. शिपायाला कळलं. होमगार्डलाही कळलं असणार.”

“म्हणजे मी सोडून सगळ्यांना.”

“हो, साहेब.”

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मला वाटलं, आता बोलतील. पण एवढंच म्हणाले, “मग पुढच्या वेळी माझ्या शेजारी कोणाला बसवू?”

मी ताईचं नाव सांगितलं. म्हटलं, तिला फक्त बोट कुठे कुठे हवी आहे ते सांगत चला, ती कधी चुकणार नाही. माझे कान गेलेत, मला आता सोडा. त्यांनी लेखी मागितलं, मी दोन्ही गोष्टी लिहून दिल्या. ताईचं नाव यादीत परत आलं आणि दोन महिन्यांत मुख्य सेटची खुर्ची तिला मिळाली. गावातल्या सेटवर तिनं आपल्या जावेला तयार केलं. मला कुणी शिक्षा केली नाही, उलट एक शाल दिली. बारा वर्षांत मागितलं होतं ते मिळालं. कित्येक दिवसांनी मी दुपारचा शांत झोपलो. जे फेडायचं होतं ते फिटलं असं वाटलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी स्कूटरच्या मागच्या चाकात खिळा घुसला. ढकलत ढकलत निघालो. दोन दुकानं बंद होती. तिसरं त्या मुलाचं होतं. आजवर मी त्या रस्त्यानं जायचं टाळत होतो, पण त्या दिवशी पायात त्राण नव्हतं. त्यानं मला ओळखलं. “या काका, बसा,” म्हणाला. डोक्यावरचे केस नुकते परत आलेले. चाक खोललं, ट्यूब काढली, हवा भरून पाण्याच्या टपात एकेक भाग बुडवून बुडबुडे बघायला लागला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “त्या दिवशी तुमच्या लक्षात आलंच होतं म्हणा.”

“आलं व्हतं की, काका.” तो टपातच बघत होता. “ताईनं येऊन जा म्हणलं अन् मी उठून उभाच राहिलो. कळलं, आबा गेले. पण तेवढ्यात सायब म्हणले, आधी पेशंट. बोट सुटली. म्या म्हणलं, मेलेल्या माणसापायी सरकार बोट कशाला काढंल? तिकडं पत्र्यावर जिती माणसं बसलीत. म्हंजी आबा हायेत. ताईला खरंच निस्तं तब्येतीचं म्हणायचं असंल. तुमाला इचारलं, ऑक्सिजन घेतलंय का. तुमी मान हलवली.” त्यानं ट्यूब फिरवली. “मंग भाईर जाऊन बहिणीला फोन लावला. ती रडायलीच व्हती. तिला म्हणलं, रडू नको, बोट गेलीय, आबा हायेत. दोन घंटे ती देवापुढं बसली. सहाला मलाच परत फोन करावा लागला.”

माझा अर्ज, माझी नोंद, साहेबांपुढचं माझं बोलणं, सगळीकडे बोट होती, आखाडा होता, ताई होती. हे दोन तास कुठेच नव्हते. मला त्याच्यासमोर बसवेना, पण उठताही येईना.

“मला कळलं होतं,” मी म्हणालो. “ऐकलं तेव्हाच कळलं होतं.”

“म्हाइत हाय,” तो म्हणाला. “तुमी त्ये कानाला लावून घेतलं तवा मला जरा वाटलंच व्हतं. पण न्हाई म्हणलं, काम करायलेत काका.” पाण्यातून बारीक बुडबुडे वर आले. त्यानं त्या जागेवर अंगठा दाबून धरला आणि पहिल्यांदा मान वर केली. “सांगायचं न्हवतं तर न सांगा. आपल्यात कोन सांगतं? पण एकदा वळून माझ्याकडं बघायचं व्हतं, काका. तुमचं तोंड बघूनच मला कळलं असतं.”